छातीशी धरलेला कॅमेरा

फोटोकाकांकडे कॅमेरा मागायला गेलेल्या माणसाला ते आधी चालायला लावत. कॅमेरा गळ्यात अडकवायचा, दुकानापासून प्रवरेच्या पुलापर्यंत जायचं, परत यायचं आणि मग आपल्या मानेला विचारायचं, असा त्यांचा नियम. बेलापुरात त्यांचा स्टुडिओ मी शाळेत जाण्याआधीपासूनचा. गावातली निम्मी लग्नं त्यांनी काढलेल्या अल्बमांत बंद आहेत.

मी गेले ती आईसाठी. तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, आणि त्यात धोका आहे हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. आईची अट एकच, आधी बोधगया, मग ऑपरेशन. डॉक्टर नाखुशीनेच हो म्हणाले. मला त्या प्रवासातून आईचा एक फोटो हवा होता, तिच्या खऱ्या चेहऱ्याचा. तसा एकही घरात नव्हता. कॅमेरा दिसला की ती पदर ओढून, ओठ घट्ट मिटून, पोलिसांपुढे जबानीला आणल्यासारखी उभी राही. पुढचा एक दात पडलेला, तो झाकायला सगळा खटाटोप. बोधगयेच्या महाविहारात मोबाईल नेऊ देत नाहीत, कॅमेरा चालतो. म्हणून फोटोकाकांची पायरी चढले.

त्यांनी काउंटरवर दोन कॅमेरे ठेवले. एक मोठा डीएसएलआर, दोन लेन्सांसकट. दुसरा साबणाच्या वडीएवढा, मुठीत मावणारा. मी अर्थातच, चालून न बघताच, मोठ्याला हात घातला.

"ह्याचा फोटो केवढाबी मोठा कर, फाटायचा न्हाई, धुरकट व्हायचा न्हाई," काका म्हणाले. "पन ह्याला डोळा लावावा लागतो. डोळा लावला का मानूस दिसत न्हाई, फोकस दिसतो. त्यापरीस बारका घे. छातीशी धर, नजर तुज्या आईकडं, आक्काकडं ठेव आन् दाब."

"वाकडा येईल की, काका."

"येऊ दे. आक्का तरी कुठं सरळ हाय?"

मग त्यांनी कपाटातून एक अल्बम काढला. त्यांच्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नाचा. दुसऱ्या कुणा फोटोग्राफरवर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून स्वतःच्या मुलीच्या लग्नाचे फोटोही त्यांनीच काढले. शेवटचं पान कोरं होतं.

"हितं नवरीसंगं आईबाप लागत्यात," ते म्हणाले. "बाप कॅमेऱ्यामागं हुता. पाठवनीला सगळं गाव रडलं, मी फोकस बघत हुतो. लेक गेली, ते मला फोटो धुतल्यावर समजलं बघ."

मला गलबलून आलं. मान डोलावली, आणि तरीही मोठाच कॅमेरा उचलला. शहाणपण दुसऱ्याचं असलं की आपल्याला ते नुसतं ऐकायला आवडतं. काकांनी बारका कॅमेरा मात्र न विचारता माझ्या पर्समध्ये सारला.

बोधगयेत पहिल्या दिवशी आईचे वीसेक फोटो काढले. विसांतही तीच जबानी. दुसऱ्या दिवशी सकाळी बोधिवृक्षापाशी गर्दी होती, आणि आई पांढऱ्या साडीत हात जोडून उभी होती. जरा लांबून, तिच्या नकळत फोटो घ्यावा म्हणून मी मागे सरकले आणि खाली बसून लेन्स बदलू लागले. मान वर केली तर आई नव्हती.

पांढऱ्या साड्या शेकड्यांनी होत्या. मी हाका मारल्या, पण चहूकडून वंदना चालली होती, माझा आवाज मलाच ऐकू येईना. तिच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये होत्या. मी विहाराभोवती धावत सुटले, आणि गळ्यातलं ते धूड पावलोपावली छातीवर आपटत होतं. हिच्यासाठी आलो आणि हिलाच घालवून बसलो, एवढंच डोक्यात. आई सापडली ती मागच्या बाजूला एका पायरीवर. छातीवर हात, ओठ काळेनिळे, आणि शेजारी एक म्हातारी भिक्खुणी वहीने वारा घालत होती. घाईत पहिली गोळी खालीच पडली, दुसरी मी तिच्या जिभेखाली ठेवली.

बऱ्याच वेळाने तिच्या तोंडावर रंग आला.

"कुठं गेली होतीस गं?" मी रडतच ओरडले.

"मी हितंच हुते," आई म्हणाली. "तूच त्या डब्यात गेल्ती."

मोठा कॅमेरा मी बॅगेत कोंबला. तासाभराने आम्ही झाडाच्या सावलीत बसलो होतो. आई त्या भिक्खुणीची भाषा कळत नसताना तिच्याशी कशा गप्पा मारल्या ते सांगत होती, आणि सांगता सांगता खदखदून हसली. बारका कॅमेरा माझ्या छातीशी होता. नजर आईवर ठेवली आणि दाबलं. फोटो वाकडा आला. पडलेल्या दाताच्या फटीसकट आई त्यात पूर्ण आली.

ऑपरेशनच्या दिवशी तो फोटो दिवसभर माझ्या मुठीत होता. आई वाचली. फोटोकाकांना फोटो दाखवायला गेले, तर त्यांनी तो डोळ्यांशी धरून बराच वेळ इकडेतिकडे सरकवला. तेव्हा मला कळलं. काचबिंदूने त्यांची नजर जात चालली होती.

स्टुडिओचं शटर कायमचं खाली ओढलं गेलं, त्या दिवशी लेक त्यांना न्यायला आली होती. मोठा कॅमेरा आधीच दिला होता, मी बारका परत करायला गेले. "ठिव तुला," ते म्हणाले. "मला काय दिसतंय आता त्यातलं?" गाडी सुरू झाली होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता. काका वळून बंद शटरवरून हात फिरवू लागले, आणि लेकीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. दोघंही रडत होती. मी कॅमेरा छातीशी धरला, डोळे त्यांच्यावर ठेवले आणि एकदाच दाबलं. गाडी पुलापलीकडे जाईपर्यंत स्क्रीनकडे बघायचा धीर झाला नाही.

रस्ता तिरका आला होता, काकांची टोपी कापली गेली होती. बाप आणि लेक मात्र पूर्ण होते.

मी तो छापून पाठवला. आठवड्याने लेकीचा फोन आला. "ताई, माझ्या लग्नाच्या अल्बमात शेवटच्या पानावर लावलाय. बाबा रोज ते पान चाचपत्यात आन् विचारत्यात, वाकडा हाय का गं? मी व्हय म्हनते, तर हसत्यात."