मध्यरेषेअलीकडची वीतभर माती

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आणि तिच्यापासून काही लपवणं किती अवघड आहे, ते तिला ओळखणाऱ्याला विचारा. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आप्पांना ओळखत नाही. ओळखत असता, तर मी तोंडच उघडलं नसतं. मी कसला माणूस आहे, हे यावरूनच ओळखा.

सुरुवात लेन्सपासून करतो. तेवढाच वेळ मूळ गोष्टीपासून लांब राहता येईल.

मी कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला जातो, राहतो दौंडला. गाव शिरूर तालुक्यात, भीमेच्या काठाला. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून माळावर चिंकारे, लांडगे शोधत हिंडायचं, आणि जत्रेच्या दिवसांत गावोगावच्या कबड्डीचे फोटो काढायचे, एवढाच माझा शौक. लेन्स घ्यायची वेळ आली तेव्हा सगळ्या जाणत्यांनी एकच सल्ला दिला. कबड्डीला सत्तर-दोनशे मिलिमीटरची घे. तिचं तोंड मोठं, कमी उजेडात चालते, मैदानाला खेटून बसता येतं. मी घेतली दीडशे-सहाशे, फार लांबचं जवळ ओढणारी. ती उजेड खाते, जड आहे, हात भरून येतो. पण मला बिबट्या हवा होता ना! आणि खरं सांगू? सहाशेची लेन्स लावून उभं राहिलं की लोक वळून बघतात. तेही हवं होतं.

या लेन्सची एक खोड आहे. लांबून काढलेल्या फोटोत मागचं आणि पुढचं एकमेकाला चिकटतं. चिंकारा माळावर उभा असतो, टेकडी दोन किलोमीटर मागे असते. फोटोत टेकडी त्याच्या पाठीला टेकलेली दिसते. हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. कळलं होतं — हे लक्षात ठेवा. नवखा होतो, माहीत नव्हतं, असं म्हणायला मला जागा नाही.

आता आप्पा. आप्पा आमच्या शाळेत खेळाचे सर होते. मी काडीपैलवान, मला कोणी संघात घेईना. त्यांनी मला गुण लिहायला बसवलं, आपल्या शेजारी, खुर्चीवर. पुढे ते निवृत्त झाले, पण आसपासच्या पंचवीस गावांत जत्रेची कबड्डी असली की शिट्टी आप्पांच्याच हातात. आमच्या गावचा संघ खेळत असला तरी बाहेरचे म्हणायचे, पंच आप्पाच पाहिजेत. दुसऱ्या कुठल्या माणसाला असं म्हणतात? आपल्याच गावाच्या विरुद्ध निकाल देईल म्हणून ज्याला बोलावतात, असा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

माझी नवी लेन्स बघून ते म्हणाले होते, ‘‘एवढ्या लांबनं कबड्डी कळत न्हाई रं. रेघंच्या शेजारी येऊन बस.’’ मी हसलो. सहाशेला जवळून फोटो येत नाहीत, हे त्यांना काय सांगायचं? मी पाहुण्या संघाच्या मागे, बरंच लांब, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढून बसायचो.

गावच्या जत्रेतला उपांत्य सामना होता. ऊन कलतं होतं, उजेड झकास. शेवटची चढाई आमच्या संघातल्या पोराची. एक गुण मिळाला तर बरोबरी. त्यानं दोघांना हात लावला, वळला, आणि पाहुण्यांच्या चौघांनी त्याला घोट्याला, कमरेला धरून पाडला. पडता पडता त्यानं हात फेकला मध्यरेषेकडे. आप्पा रेघेच्या टोकाला वाकून उभे. शिट्टी वाजली. बाद. आमचं गाव हरलं.

मी बटण दाबून धरलेलं होतं. घरी येऊन फोटो उघडले, आणि त्यातल्या एकावर थांबलो. पाठीवर चार माणसं, अंगावर उडालेली माती, ताणलेला हात — आणि बोटं थेट चुन्याच्या पांढऱ्या रेघेवर. आयुष्यात असा फोटो मी काढला नव्हता. लगेच गावच्या ग्रुपवर टाकला. खाली एक शब्दही लिहिला नाही. लिहायची गरज नाही, हे मला माहीत होतं.

पुढचा फोटो मी तेव्हाच पाहिला होता. त्याच क्षणाच्या लगेच नंतरचा. हात खाली आलेला, बोटं मातीत रुतलेली, आप्पांच्या तोंडात शिट्टी — आणि बोटांच्या पुढे वीतभर कोरडी माती. मग रेघ. पहिल्या फोटोत हात हवेत होता, रेघेच्या अलीकडे. मी मागून, लांबून बघत होतो म्हणून तो रेघेवर दिसत होता. आप्पांनी बरोबर पाहिलं होतं. इंच न् इंच बरोबर.

ग्रुपवर काय चाललं ते सांगू का? सकाळपर्यंत फोटो चार तालुक्यांत गेला होता. जबरदस्त, एक नंबर, काय टिपलाय. ज्यांनी मला कधी संघात घेतलं नाही, ते मला भाऊ म्हणायला लागले. मग कोणीतरी लिहिलं, पंच विकला गेला. मग कोणीतरी आप्पांच्या आडनावावरून लिहिलं. आप्पा बौद्ध वस्तीतले. चाळीस वर्षं ज्यांच्या पोरांना त्यांनी शिकवलं, त्यांच्याच मोबाइलवरून ते शब्द येत होते. मी वाचत होतो. माझं बोट पुढच्या फोटोवर होतं. एकदा दाबायचं, एवढंच काम. नाही दाबलं.

मला भीती कसली होती? कोणी मला मारणार नव्हतं. फक्त फोटो साधा झाला असता, आणि मी पुन्हा गुण लिहिणारा झालो असतो. बस. एवढ्यासाठी.

आप्पा तिसऱ्या दिवशी दौंडला घरी आले. एसटीनं. चिडले नव्हते. माझ्या मोबाइलवर तो फोटो मोठा करून करून बघत राहिले. मग विचारलं, ‘‘ह्याच्या फुडचा फोटू आसंल की रं तुझ्याकडं?’’

मी म्हणालो, ‘‘नाही आप्पा. एवढा एकच आला.’’

इथे येईपर्यंत मी एवढे फेरे घेतले, ते या वाक्यासाठी. बायकोनं त्यांना चहा दिला. बशीत ओतून त्यांनी तो सावकाश प्यायला. मला वाटलं होतं, आता भांडतील, तुझा कॅमेरा खोटा आहे म्हणतील. मी उत्तरंही जुळवून ठेवली होती. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘‘म्हंजी माझीच नजर चुकली.’’ माझ्यावर विश्वास ठेवला हो त्यांनी! स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त.

पुढच्या जत्रेला त्यांनी माइक मागून घेतला. भर मैदानात, त्या पोराला जवळ बोलावून म्हणाले, पोरा, तुझा गुण मी घालवला, मला माफ कर. शिट्टी गळ्यातून काढून टेबलावर ठेवली. काही जणांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यात मीही होतो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना नजर ठणठणीत आहे असं सांगितलं होतं म्हणे. त्यांना ते पटलं नाही. मोटारसायकल विकली. रस्ता ओलांडताना सुनेचा हात धरायला लागले.

यालाही आता दोन वर्षं झाली. मधल्या काळात मी काय केलं? काही नाही. शिफ्टला गेलो, माळावर गेलो. तो दुसरा फोटो पुसलाही नाही आणि दाखवलाही नाही.

मागच्या महिन्यात गावात बिबट्यानं आप्पांच्या गोठ्यातलं वासरू नेलं. वनखात्यानं उसाच्या कडेला पिंजरा लावला, तो अजून रिकामाच होता, आणि मी लेन्स घेऊन पोचलो. हो, बिबट्यासाठीच. आप्पा अंगणात बाजेवर बसले होते. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. हळू आवाजात म्हणाले, ‘‘मला दिसला व्हता रं. दिस मावळायच्या आधी, बांधावर. पन म्हनलं, आपल्या डोळ्यांचं काय खरं? कुत्रं आसंल. म्हनून कुनाला बोललो न्हाई.’’

सून दारातून म्हणाली, ‘‘मामा, नुसती हाक मारायची हुती. पोर अंगणातच खेळत हुती तवा.’’ आप्पांनी मान खाली घातली. शाळेत मार खाणारी पोरं घालायची तशी. आता खरं बोलून टाकायचं असं ठरवलं होतं, शपथेवर सांगतो — आणि मी लेन्सचं झाकण काढायला लागलो.

मग आप्पांनी बांधाकडे हात केला. ‘‘तू बघ तुझ्या दुर्बिणीतनं. तुझं चुकायचं न्हाई. काय हाय का तिकडं?’’

मी डोळा लावला. सहाशेवर नेलं. उसाची पानं एकमेकांना चिकटून हिरवी भिंत झाली होती. त्या भिंतीच्या आत काय आहे, ते त्या लेन्समधून कोणालाच दिसलं नसतं.

‘‘काही नाही आप्पा,’’ मी म्हणालो. ‘‘नुसता ऊस आहे.’’

त्यांनी निर्धास्त होऊन घरात हाक मारली, आणि नातीला अंगणात खेळायला सोडलं.