चन्नव्वाची बस आणि शिवकन्याअक्काचा टेस्टर

शिवकन्याअक्का खजुरीत मोटारी भरते. विहिरीवरची, बोअरची मोटार जळाली की तिच्याकडे येते. ती आतली जळकी तार उपसते, खाचा साफ करते आणि नवी तार वेढे मोजून बसवते. तीस वर्षं हेच चाललंय. काम मुळात तिच्या नवऱ्याचं, संगमेश्वरचं. खांबावरून पडून तो कमरेतून अधू झाला, तेव्हा तो खाटेवरून सांगायचा आणि ती गुंडाळायची. पहिल्या मोटारीत तिचे दोन वेढे कमी पडले. त्याने सगळी तार काढायला लावली. तीच मोटार तिने नऊ वेळा भरली. पुढे संगमेश्वर वारला. मोजल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही त्याची शिस्त मात्र तिच्या हातात राहिली.

एवढं व्यंकटला ऐकून माहीत होतं. तिला काम करताना त्याने कधी पाहिलं नव्हतं आणि पाहावं असंही कधी वाटलं नव्हतं. तो स्वतः कोळारच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं जनरेटरवर होता. रिटायर झाला तेव्हा साहेबाने शाल दिली होती.

गरज पडली ती चन्नव्वाच्या बसमुळे.

चन्नव्वा नाटक कंपनीची मालकीण. कंपनी कधीच मोडली, बस राहिली. लांब नाकाची, जुन्या घडणीची बस. आतल्या सीटा काढून पलंग, ओटा, पेट्या आणि मेकअपचा मोठा आरसा बसवलेला. पोटात डिझेलचा जनरेटर. कंपनी याच बसमधून जत्रेजत्रेला फिरली. आता बस खजुरीच्या शिवारात, भाचा अनिलकुमारच्या शेताच्या कडेला उभी आहे, आणि चौऱ्याहत्तर वर्षांची चन्नव्वा अजून तिच्यातच राहते.

बसच्या पत्र्याला करंट यायचा. रोज नाही. पंधरा-पंधरा दिवस काही नसायचं आणि एखाद्या दिवशी एकदम झटका. गाडीत काहीतरी वावरतंय, असं लोक बोलू लागले. मग एका सकाळी अनिलकुमारची कालवड ओल्या मातीत उभी राहून बसला अंग घासायला गेली आणि जागच्या जागी मरून पडली.

अनिलकुमारने शेतातल्या पेटीतून बसला दिलेली वायर ओढून काढली.

"अव्वा, उद्या तू पडशील. घरी चल. सोमवारी भंगारवाला यायलाय."

"मी घरातच हाय की," चन्नव्वा म्हणाली.

शेवटी तो एवढ्यावर आला: रविवारपर्यंत जनरेटर चालला पाहिजे आणि पत्र्याचा करंट गेला पाहिजे. दोन्ही झालं तर बस राहील. एक जरी राहिलं तर बस जाईल.

चन्नव्वाने व्यंकटला बोलावलं. नोकरी लागायच्या आधी तो दोन हंगाम कंपनीत लाइटमन होता. त्याने तीन दिवस घातले. फिल्टर धुतला, डिझेलची नळी बदलली, इंजिन सुरळीत केलं. इंजिन चालायचं, वीज मात्र येत नव्हती. करंटचा तर पत्ताच लागेना. शुक्रवारी सकाळी तो शिवकन्याअक्काच्या दुकानात गेला.

"कारखान्यातला माणूस माझ्याकडं कामून आला?"

"हात टेकले, अक्का."

"टेकले का थकले?"

तिने पिशवी उचलली.

बसपाशी आल्यावर अर्धा तास तिने मशीनला हातसुद्धा लावला नाही. ती चन्नव्वाशी बोलत बसली. चहा पिता पिता विचारलं, "जनरेटर शेवटी कधी चालला?"

"कोरोनाच्या आधी."

"मंग लोखंड विसरलंय."

व्यंकटला हसू आलं. ते त्याने दाबलं.

तिने झाकण खोललं. कार्बनचे तुकडे काढले, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने तांब्याचं कडं घासलं. घाई नाही. घासायचं, पुसायचं, उजेडात धरून बघायचं, परत घासायचं. पाऊण तास. मग बसच्या बॅटरीच्या दोन वायरी घेतल्या, मध्ये एक छोटा बल्ब लावला आणि टोकं जनरेटरच्या गुंडाळीला टेकवली. पाच मोजले. उचलली.

"मारा हँडल."

"एवढंच?"

"मारा तर."

व्यंकटने हँडल मारलं. सातव्या फेऱ्याला इंजिनाने धरलं. मीटरचा काटा शून्यावर झोपलेला होता. मग हलला. वीस. साठ. एकशे चाळीस. दोनशे वीसवर जाऊन उभा राहिला आणि तिथून ढळला नाही. आत आरशाभोवतीचे अकरा बल्ब एका दमात पेटले. चन्नव्वा "अय्यो!" म्हणाली आणि त्या उजेडात तिचा हात आपोआप केसांवर गेला.

व्यंकट काट्याकडे बघतच राहिला. लोखंडात थोडं चुंबकत्व मुरलेलं असतं, पहिली वीज त्याच्या आधारानेच धरते, वर्षानुवर्षं बंद राहिलं की ते उतरतं, हे सगळं त्याने कारखान्यातल्या पुस्तकात वाचलं होतं. मेलेलं लोखंड पाच मोजेपर्यंत जागं होताना चौतीस वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. त्याच्या अंगावर काटा आला.

"आता करंटचं," शिवकन्याअक्का म्हणाली. "अव्वा, झटका कधी येतो?"

"झाडून घेतल्यावर."

"रोज झाडताव?"

"रोज."

"मंग रोज कामून येत न्हाई?"

तिने चन्नव्वाला झाडून दाखवायला लावलं. खरोखरचं, कोपऱ्यासकट. शेतातून येणारी वायर दारातच पडलेली असायची, म्हणून चन्नव्वा झाडण्याआधी तिचा प्लग काढायची आणि नंतर खोचायची. दोन पिनांचा साधा प्लग. कसाही खोचला तरी बसतो.

जनरेटर बंद करून तिने अनिलकुमारला बोलावलं आणि पाच मिनिटं लाइन जोडायला लावली. प्लग खोचला आणि पत्र्याला टेस्टर लावला. अंधार. प्लग काढला, उलटा करून खोचला. टेस्टर लाल पेटला.

अनिलकुमार दोन पावलं मागे सरला.

"गाडीत कुणी वावरंना," ती म्हणाली. "उलटा प्लग हाय."

व्यंकटने तीन दिवस मीटर घेऊन सगळी बस धुंडाळली होती. प्लग काढून उलटा खोचायचं त्याला सुचलं नव्हतं. तिने केरसुणीच्या मागे जाऊन ते शोधलं होतं.

"पर पत्र्यात वीज शिरतीच कशी?" अनिलकुमारने विचारलं.

लाइन बंद करून तिने एका बल्बचं होल्डर खोललं. आत एकच वायर आलेली. दुसऱ्या बाजूला वीतभर तुकडा, पत्र्याला स्क्रूने आवळलेला. परतीची वायर नव्हतीच. तिच्या जागी सगळी बसच वापरली होती. शेतात एक वायर लाइनीला आणि दुसरी जमिनीत रोवलेल्या सळईला जोडून बल्ब लावतात, तसंच. जनरेटरवर ते खपून गेलं. शेतातली लाइन आली आणि प्लग उलटा बसला, की अख्खा पत्रा जिवंत.

जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी होती आणि तिच्यावर पांढऱ्या दोऱ्याचे पाच वेढे.

"हात चांगला हाय," ती म्हणाली. "डोकं वापरलं न्हाई."

व्यंकटच्या कानात इंजिनाचा आवाज नसतानाही घरघर सुरू झाली. पट्टी, दोरा, पाच वेढे. त्या वर्षी जत्रा दोन दिवसांवर होती. वायरचं बंडल अर्धंच उरलं होतं. त्याचं वय तेव्हा तेवीस.

गप्प बसला असता तर कोणाला कळलं नसतं.

"हात माझाच हाय," तो म्हणाला.

"म्हंजे कालवड तुम्ही मारलाव!" अनिलकुमार ओरडला. "आन् अव्वा रोज त्याच पत्र्याला हात लावायली! आता गाडीला शिवायचं न्हाई. सोमवारी जाऊ द्या भंगारात!"

चन्नव्वाने दाराची दांडी धरली. ती दांडीही त्याच पत्र्याची होती.

शिवकन्याअक्का होल्डर बघत होती. मान वर न करता म्हणाली, "रविवार व्हायचाय अजून. ज्यानं केलं त्योच काढील. मी तपासते."

"आन् चुकला तर?"

"तर मी भंगारवाल्याला हात देते गाडी ढकलायला."

शनिवार-रविवार व्यंकट गुडघ्यांवर होता. आरशाचे अकरा बल्ब, चार ट्यूब, दोन पंखे. प्रत्येकाला दोन वायरी, पत्र्याला एकही नाही. जोड झाला की अक्का यायची, ओढून बघायची आणि म्हणायची, "काढा." चौथ्या ट्यूबचा जोड त्याने तीनदा केला. तिसऱ्या वेळी ती काही न बोलता पुढे गेली. कारखान्यातल्या शालीने त्याला एवढं बरं वाटलं नव्हतं. मग अर्थिंगसाठी काळ्या मातीत माणसाएवढा खड्डा खणून पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ भरलं, पत्र्यापासून त्याला जाड तार जोडली. तीन पिनांचा प्लग लावला. तो उलटा बसतच नाही.

सोमवारी भंगारवाल्याचा टेम्पो बांधावर येऊन थांबला. अनिलकुमारने लाइन सुरू केली. शिवकन्याअक्काने बसशेजारी दोन घागरी पाणी ओतलं, चिखल केला. पत्र्याला टेस्टर लावला आणि सगळ्यांना दाखवला. अंधार. मग व्यंकटकडे बघितलं.

व्यंकटने चपला काढल्या. चिखलात उभा राहिला. दोन्ही तळवे पत्र्यावर सपाट ठेवले. पत्रा उन्हाने कोमट होता. बाकी काही नाही.

मग अनिलकुमारनेही चपला काढल्या, चिखलात आला आणि व्यंकटच्या शेजारी हात टेकला. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

"जा बाबा," अनिलकुमार तिकडे न बघताच म्हणाला. "जा तू."

चन्नव्वा फडकं घेऊन दारात उभी होती.

"झालं का तुमचं? हात काढा आता. डाग पडायलेत पत्र्यावर."