गावच्या पुलाची चाचणी

फेब्रुवारीत प्रयोगशाळेत काँक्रीटचे तीन गोल तुकडे आले. गोणपाटात गुंडाळलेले, सुतळीनं बांधलेले, प्रत्येकाला चिठ्ठी. मी जालन्यात पीएचडी करत होते आणि जुन्या पुलांची तपासणी आली की नमुने फोडायचं काम माझ्याकडे असायचं. पुलाला भोक पाडून मनगटाएवढे तुकडे काढतात, ते यंत्रात उभे करून दाबायचे आणि किती भाराला फुटले ते लिहायचं. एवढंच.

चिठ्ठीवर मंठा तालुका आणि खाली आमच्या गावाचं नाव होतं.

गावात शिरायला तो एकच पूल. दुसऱ्या बाजूनं बैलगाडीची वाट आहे, पण पावसाळ्यात ती ओढ्यात बुडते. शाळेला, दवाखान्याला, माहेराहून सासरी, मी त्याच पुलावरून गेले होते. पहिला तुकडा मी यंत्रात ठेवला. तो इतक्या लवकर फुटला की मला वाटलं, तिरका बसला असेल. दुसरा नीट बसवला. तोही तसाच. तिसऱ्याच्या आत सळईचा एक तुकडा होता, बोटानं घासला तर पापुद्रे निघत होते.

मी वही घेऊन सरांकडे गेले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. त्यांनी आकडे दोनदा वाचले.

"तीन तुकड्यांवरून पूल पडेल असं म्हणता येत नाही," ते म्हणाले. "आणि पडणार नाही, असंही नाही. पुलावर प्रत्यक्ष भार ठेवून बघावा लागेल. परवानगीला महिना जाईल. तोवर हे बाहेर बोलायचं नाही. उद्या चाचणीत पूल चांगला निघाला तर आपण गावाला विनाकारण घाबरवलं असं होईल."

"सर, ते माझं गाव आहे."

"म्हणूनच सांगतोय."

त्यांचं चुकत नव्हतं, आणि त्याचाच त्रास जास्त होता. चुकत असतं तर भांडता आलं असतं.

वडलांना आम्ही दादा म्हणतो. दोन एकर मोसंबी आहे आमची आणि तेव्हा तोड चालू होती. दर दिवसाआड भरलेला टेम्पो पुलावरून जायचा आणि दादा ड्रायव्हरशेजारी बसून बाजाराला जायचे. मी रोज संध्याकाळी फोन करायचे. माल गेला का, तुम्ही पोचलात का, एवढंच विचारायचे. चार-पाच दिवसांनी म्हणाले, "तू काय लपवून राह्यली?"

मी सांगून टाकलं. 

"मंग गावात सांगू का?"

"न्हाई दादा. कुणालाच सांगू नका. अजून नक्की न्हाई."

"बरं."

"तुम्ही तेवढं पुलाच्या अलीकडं उतरत जा. चालत या पल्याड."

"अन् डायवरला एकट्याला जाऊ देऊ? त्याला सांगता येत न्हाई, मंग मी उतरून काय तोंडानं चालू?"

ते उतरले नाहीत. महिनाभर प्रत्येक खेपेला त्याच्या शेजारी बसून गेले. आईनं नंतर सांगितलं, पूल आला की ते बोलता बोलता थांबायचे, हे ड्रायव्हरच्याही लक्षात आलं होतं. मी इकडे रोज यंत्रात सळ्या ताणून बघत होते, आकडे लिहीत होते, आणि फोन वाजला की यंत्र बंद करून धावत होते. नवरा म्हणाला, चार दिवस गावी जाऊन ये. मी गेले नाही. एसटीत बसून तो पूल ओलांडायची हिंमत नव्हती, आणि दादा ओलांडत होते तेव्हा पायी चालत जायची लाजही वाटत होती.

मार्चअखेर परवानगी आली. ओढा कोरडा होता. पुलाखाली लोखंडी मचाण बांधलं, त्यावर घड्याळासारख्या तबकड्या बसवल्या. पूल केसभर जरी वाकला तरी काटा हलतो. वर खडीनं भरलेले दोन टिप्पर एकामागं एक आणून उभे केले. मी खाली वही घेऊन बसले. डोक्यावर तो गंजका तळ, काही ठिकाणी सळ्या उघड्या पडलेल्या. टिप्पर पुढं सरकले तसा काटा फिरला. वर काठावर गावातली माणसं जमली होती, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. "आपली पोरगी हाय खाली," कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

भार पूर्ण एक दिवस ठेवायचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारी टिप्पर काढले. भार निघाला की चांगला पूल पुन्हा सरळ होतो, म्हणजे आता काटा मागं यायला हवा होता. आला, पण अर्ध्यावर थांबला. मी तबकडीवर टिचकी मारली. सर मचाणावर चढून आले, त्यांनीही मारली. काटा तिथंच.

"अजून एक तास बघू," सर म्हणाले.

तासानंतरही फरक नव्हता. पूल वाकलेला होता तो वाकलेलाच राहिला.

आठवड्यात दोन्ही टोकांना ठेंगणी लोखंडी कमान लागली. दुचाकी, रिक्षा जाईल, त्याहून मोठं काही नाही. एसटी फाट्यावरून परत फिरू लागली. गावातल्या मुली तीन किलोमीटर चालून शाळेची गाडी धरायच्या. बाळंतपणाला नेताना एका बाईला रिक्षातून पल्याड नेऊन मग गाडीत घालावं लागलं. दादा मोटारसायकलवर दोन-दोन क्रेट बांधून मोसंबी फाट्यावर पोचवत होते. थकायचे, पण फोनवर त्यांचा आवाज मोकळा झाला होता. गावाचा मात्र माझ्यावर राग होता. कौतुक करणारीच माणसं आईला म्हणाली, "चालता पूल तुमच्या पोरीनं बंद पाडला."

मे महिन्यात मी स्कूटीवरून गावी गेले. कमानीपाशी शेजारच्या काकू पिशवी घेऊन उभ्या होत्या. लहानपणी यांच्याच घरी मी अर्धी वाढले. मी गाडी थांबवली. त्या मागं बसल्या. पूल संपेपर्यंत माझ्या खांद्याला त्यांचा हात लागला नाही.

"नवा कधी होईन?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मला न्हाई माहीत, काकू."

"मंग तुला काय माहीत हाय?"

 घरापाशी त्या उतरल्या, पिशवी उचलली आणि आत गेल्या.