लूमच्या फण्या आणि धुराचे पेटंट

बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकाने मला फसवले. माझे धूर धुण्याचे यंत्र त्याने उघडून पाहिले, तसेच बनवून विकायला काढले, आणि मी पेटंट मागितल्यावर हरकत घेतली की यात नवे काही नाही, या धंद्यातल्या कुणालाही ते सहज सुचले असते.

भिवंडीत नारपोलीला माझे फॅब्रिकेशनचे दुकान आहे. शाळा आठवीत सुटली, वेल्डिंगवर हात बसला. सुताला कांजी लावणाऱ्या सायझिंगमध्ये बॉयलरचा धूर पाण्याच्या फवाऱ्यातून सोडतात, हे जुनेच. पण आतली जाळी आठवड्यात काजळीने बुजायची. मी जाळीऐवजी लूमच्या, कापड विणताना सूत ज्यांतून ओवतात त्या, मोडीतल्या फण्या तिरक्या लावल्या. त्यांच्या बारीक, सरळ तारांवरून पाणी काजळी घेऊन खाली घसरते. किती तिरक्या लावायच्या, हे कळायला दोन वर्षे गेली.

पहिले यंत्र पडघ्याच्या एका सायझिंगवाल्या शेठने घेतले. घेताना म्हणाला, "बिघडलं तर तुझ्या पाया पडायला येऊ का?"

"कशाला, शेठ? यात आहे काय? कुठलाही फिटर बसवेल."

"लिखके दे."

कोटेशनवरच लिहून दिले. माल विकताना आम्ही सगळे असेच बोलतो, घेणाऱ्याला धास्ती नको म्हणून. शेठचा बॉयलर त्याच मालकाच्या कारखान्यातला. बॉयलर तपासायला आला, तेव्हा त्याने माझे यंत्र उघडले. कागदही तिथूनच गेला असणार.

सुनावणी व्हिडिओवर होती. मी माझ्या वकीलबाईंच्या ऑफिसात बसलो होतो. मालकाच्या वकिलाने कोटेशन पडद्यावर आणले. माझे अक्षर, माझा शिक्का.

"अर्जदार स्वतःच लिहितात, यात आहे काय."

मी ताडकन उठलो. बाईंनी बाही ओढली. "बसा. माइक चालू आहे."

बसलो, पण बोललो, "साहेब, बसवणं सोपं आहे असं लिहिलंय. सुचणं सोपं होतं असं कुठं लिहिलंय?"

पेटंटच्या साहेबांनी मान खाली घालून काहीतरी टिपून घेतले. मालक आपल्या चौकोनात चहा पीत होता.

निकाल राखून ठेवला आहे. अर्ज फेटाळला तर माझे यंत्र ज्याला हवे तो बनवेल, आणि मला बोलायला तोंड उरणार नाही. म्हणून आत्ताच विचारतो. मालक, माझ्या आधी अंबाडी गावच्या सायझिंगमध्ये तुमची जाळीची दोन यंत्रे बुजून भंगारात गेली. तुमच्याकडे इंजिनियर होते, भिवंडीच्या गल्लीगल्लीत फण्यांचे ढीग होते. मग तेव्हा का सुचले नाही? उत्तर वकिलाचे नको. तुम्ही द्या, तुमच्या सहीने.