पाढ्यातला ‘बे’

महाराष्ट्र नवा नवा झाला होता, आणि आमच्या हायस्कुलाला पुण्याकडचे हेडमास्तर मिळाले. गृहस्थ आले तेच नाक मुरडत. वऱ्हाडातली पोरं एकमेकांना ‘बे’ म्हणतात हे त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकलं आणि त्यांना वाटलं, आपण शिव्यांच्या मोहोळात येऊन पडलो. ‘काय बे, जेवला काय?’ यात आमच्याकडे माया असते, हे त्यांना सांगणार कोण? शाळेतले बाकीचे मास्तर सगळे होयबा.

दुसऱ्या आठवड्यात प्रार्थनेनंतर फर्मान निघालं. शाळेच्या आवारात ‘बे’ हा शब्द कुठल्याही कारणाने तोंडातून निघता कामा नये. निघाला तर हजेरीपटात नावापुढे लाल फुली. तीन फुल्या झाल्या की नाव कमी आणि दाखला हातात. पण हेडमास्तर पडले दयाळू! फुली पडलेल्याला लगेच हाकलायचं नाही, सुधारायची संधी द्यायची. त्यासाठी मोडक्या बाकांच्या खोलीतली कोळिष्टकं काढून ‘सुधार वर्ग’ उघडला. दारावर पाटीसुद्धा रंगवली. तिथे आमचा नववीचा अभ्यास बंद. दिवसभर शुद्धलेखन, नाहीतर हेडमास्तरांच्या गुलाबांना पाणी घालायचं. आमच्यावर नेमले होते ड्रिलमास्तर, स्वतः अस्सल वऱ्हाडी. ‘‘चूप बसा बे!’’ असं ओरडायचे आणि जीभ चावायचे. त्यांच्या नावापुढे काही कुणी फुली मारली नाही.

माझ्या बाकावर डोणगावच्या बाजूच्या एका खेड्यातून रोज पायी येणारा पोरगा बसायचा. बाप कास्तकार, घरात मॅट्रिकच्या इतक्या जवळ पोचलेला हाच पहिला. गणितात असा तरबेज, की मास्तर फळ्यावर उदाहरण लिहून होईपर्यंत याचं उत्तर तयार. पहिली फुली त्याला कबड्डीत ‘पकड बे!’ म्हटल्याबद्दल पडली. दुसरी पडली ती डोकं चालवल्याबद्दल. गुलाबांच्या वाफ्यापाशी हेडमास्तर उभे होते, तिथे जाऊन त्याने सरळ विचारलं, ‘‘सर, मंग पाढ्यातला बे म्हनला तं चालते काय?’’

तो खरंच विचारत होता. कुठल्याही कारणाने म्हणजे कुठल्याही, असा त्याने अर्थ घेतला होता. हेडमास्तरांना ती चेष्टा वाटली. ‘‘उद्धट!’’ एवढंच म्हणाले आणि फुली मारली. प्रश्नाचं उत्तर दिलंच नाही. मी शेजारीच झारी घेऊन उभा होतो, आणि माझ्याही तोवर दोन फुल्या झाल्या होत्या.

पुढे तपासणीला साहेब आले. हेडमास्तरांनी त्यांना मोठ्या कौतुकाने आमची खोली दाखवली. बिघडलेल्या पोरांना बाहेर न काढता मार्गावर आणायचा प्रयोग, वगैरे वगैरे. साहेबांनी आमच्यावरून नजर फिरवली, आणि असल्यांना सोपंच विचारावं म्हणून माझ्या दोस्ताला उठवलं.

‘‘दोनाचा पाढा म्हण.’’

त्याने तोंड उघडलं, मिटलं. मग हेडमास्तरांकडे पाहिलं. त्यांना सगळं कळत होतं, पैजेवर सांगतो. ‘म्हण रे, चालेल’ एवढं बोलले असते तरी पोरगा एका दमात मोकळा झाला असता. पण मग ते फर्मान साहेबांसमोर उघडं पडलं असतं आणि यांचं हसं झालं असतं. हा शहाणा माणूस खिडकीबाहेर गुलाब बघत राहिला.

‘‘नववीत आहेस, आणि दोनाचा पाढा येत नाही?’’ साहेब म्हणाले. मग बोट माझ्याकडे वळलं. ‘‘तू म्हण.’’

साहेबांच्या देखत हेडमास्तर फुली मारणार नाहीत, एवढी अक्कल मला होती. खणखणीत आवाजात सुरू केलं. बे एके बे, बे दुणे चार, थेट बे दाहे वीस. ‘‘बघा साहेब, हा सुधारला,’’ हेडमास्तर म्हणाले. मेल्याला लाजही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी परत नववीत बसलो. दोस्त शिकण्याच्या लायकीचा नाही असं साहेबांचंच मत पडल्याचं सांगून हेडमास्तरांनी त्याच आठवड्यात त्याच्या हातात दाखला ठेवला. तिसरी फुली त्याला पडलीच नव्हती. फाटकापाशी तो दाखल्याची घडी करून खिशात घालत होता. माझ्यावर रागावलेला नव्हता, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

‘‘मले वाटलं, हेडमास्तर सांगतीन साहेबाले,’’ तो म्हणाला.

हेडमास्तरांना मी जन्मभर शिव्या दिल्या, अजून देतो. पण त्याचा तो प्रश्न ऐकलेला दुसरा माणूस त्या खोलीत मी होतो. मी पाढा पुरा केला आणि खाली बसलो.