जंजिऱ्याची पाटी

शारजाला जायला मुरूडहून एसटीत बसले तेव्हा अम्मीने खिडकीतून डबा दिला आणि बजावलं, "कुणी काही बोललं तरी वाद घालू नकोस." आम्ही सिद्दी. पूर्वज आफ्रिकेतले, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कोकणातले. गावात हे सगळ्यांना ठाऊक. शारजात मात्र पहिल्या दिवसापासून सांगत बसावं लागलं. ऑफिसात विचारायचे, "सुदानी?" इंडियन म्हटलं की, "नो नो, रिअली?" मराठी मंडळातल्या बायका म्हणायच्या, "किती छान मराठी शिकलात हो!" आईकडून शिकले, तुमच्यासारखीच.

अल मजाजला आमच्या बिल्डिंगखाली मुलं दिवाळीत किल्ला करायची. एका वर्षी जंजिरा केला. माझी शाहीन तेव्हा चौथीत. मातीच्या हातांनीच वर आली. "मम्मा, वेअर वी द बॅड गाईज?"

खाली गेले. पुण्याहून आणलेल्या मावळ्यांतले चार काळ्या ऑइलपेंटने रंगवून दारात उभे केले होते. पुढे पाटी : 'क्रूर सिद्दी चाचे'. मंडळाचे सेक्रेटरी पाटणकरकाका देखरेखीला होते.

"काका, हा किल्ला सिद्दींनीच राखला. आरमार त्यांचं, राज्य त्यांचं. चाचे कसले?"

"अहो ताई, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही आपल्यातल्याच."

"मग ही पाटी कुणाबद्दल आहे?"

ते गडबडले. "बरं, 'क्रूर' काढतो. खलास?"

'चाचे' तसेच राहिले. वर मंडळाने त्याच किल्ल्याला पहिलं बक्षीस दिलं. माझी चिडचिड आजही गेलेली नाही. शाहीनला मी सगळं सांगितलं : काहींना गुलाम म्हणून आणलं, विकलं, हे खरं, त्यांच्यातलेच पुढे सरदार झाले, नवाब झाले, हेही खरं. लोक एक तर अर्धीच गोष्ट सांगतात, नाहीतर खोटी.

जिथे स्वतःबद्दल खुलासा द्यावा लागत नाही ते घर, असं मी मुरूड सोडल्यापासून धरून चालले होते. डिसेंबरच्या सुट्टीत मुरूडला गेलो, अम्मीला घेऊन जंजिरा बघायला निघालो. किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत गाइड पर्यटकांना रंगवून सांगत होता, सिद्दी चाचे कसे लुटायचे ते.

एरवी इंग्रजीतच उत्तरं देणारी शाहीन उठून उभी राहिली. "ओ काका, चुकीचं सांगताय. किल्ला त्यांचाच होता."

"तू गं कुठली?"

"इथलीच."

अम्मीने तिचा हात दाबला, गप्प बस म्हणून. मी तो सोडवला.