सोडलेली पानं

मी इंग्रजी कादंबऱ्या वाचते असं सांगितलं की लोक आधी माझ्या नऊ ठिकाणी पिन लावलेल्या साडीकडे बघतात, मग तोंडाकडे. बघोत. पाटबंधारे खात्यात सगळी नोकरी टायपिंग करण्यात गेली, पण माझं इंग्रजी ‘विथ रेफरन्स टू युवर लेटर’च्या पुढं कधी सरकलं नव्हतं. रिटायर झाले, केडगावच्या दोन खोल्यांत एकटीनं भिंती बघत बसायची पाळी आली, आणि एक दिवस भिंगारला रद्दीवाल्याकडे जुने डबे द्यायला गेले तर तिथं एक गठ्ठा दिसला. लष्करातल्या कुणाची तरी बदली झाली असणार आणि जाताना पुस्तकं टाकून गेले असणार. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या कादंबऱ्या, एकेक उशीएवढी जाड. किलोवर घेऊन आले. पहिली संपवायला आख्खा पावसाळा गेला, मोबाईलवर शब्द बघत बघत. पण एकदा गोडी लागली आणि मग काय, गॅसवरचं दूध रोज उतू जायला लागलं.

त्या पुस्तकांत मला सगळ्यात जास्त काय आवडायचं सांगू? मरणं. खोटं कशाला बोलू! त्या कादंबऱ्यांत कुणीतरी मरतंच, आणि किती छान मरतं. खिडकीतून ऊन आलेलं असतं, सगळे भोवती जमलेले असतात, मरणारा एकेकाला जवळ बोलावून चार शहाणपणाचे शब्द सांगतो आणि डोळे मिटतो. मी चहाचा कप धरून मुळुमुळु रडायचे. रडून झालं की बरं वाटायचं, आणि मी भाजी निवडायला घ्यायचे.

मग आक्काला पोटाचा कॅन्सर निघाला.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. पारनेर तालुक्यात दिलेली. मला सांभाळायला कुणीतरी घरी पाहिजे म्हणून तिला चौथीतून काढली, आणि मग मी शिकले. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. वाचायची हौस मात्र तिनं पोथीवर भागवली. श्रावणात देवळात पोथी लागली की वाचायला आक्काच लागायची. वाचणार ती, आणि अर्थ सांगायला गावातले एक म्हातारे बुवा. ओळ गाळायची नाही, अध्याय अर्धा टाकून उठायचं नाही, आणि लावलेली पोथी पुरी करायचीच, हा तिचा कायदा. एकदा वाचन चालू असताना शेजारच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. सगळा गाव पळाला, आणि ही बाई अध्याय संपवून उठली. त्यावरून घरी शिव्या खाल्ल्या, पण तिला त्याचं काही नव्हतं.

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरी न्या, मागतील ते खायला द्या. याचा अर्थ काय ते सांगावं लागत नाही. कांदा काढणीचे दिवस होते. भाचा आणि त्याची बायको दिवसभर वावरात. मी बॅग भरली, एक अजून न वाचलेली कादंबरी आत टाकली आणि एसटीनं निघाले.

दुपारी आक्काला डुलकी लागली की मी पडवीत तिच्या खाटेशेजारी वाचत बसायचे. दोन दिवस तिनं बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “काय गं ते, मनातल्या मनात?”

“गोष्ट आहे, इंग्रजीतली.”

“मग मोट्यानं वाच की. मी काय आत्ताच मेले का?”

झालं, लागली पोथी. एक वाक्य मी डोळ्यांनी वाचायचे आणि मराठीत सांगायचे. वाचणारी मीच, अर्थ सांगणारी मीच. गोष्ट अशी, की समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक विधवा बाई खानावळ चालवते. एकुलता एक मुलगा बोटीवर नोकरीला गेला तो गेलाच, त्याची काही खबर नाही. आणि गावातला एक वकील ती खानावळ गिळायला टपलेला. पहिल्याच दिवशी आक्कानं मला दम दिला, “ती नावं नको सांगू, जिभंला वळ पडत्याल.” तेव्हापासून ती झाली खानावळवाली, तो काळ्या कोटाचा आणि मुलगा बोटवाला. काळ्या कोटाचं नाव निघालं की ती पडल्या पडल्या बोटं मोडायची. सगळे सारखे पाव आणि चहावर कसे राहतात, याचंही तिला नवल. “भाकरी न्हाई, कालवन न्हाई. मंग बोटीवर पळून न्हाई जानार तर काय करंल पोरगं?”

या लेखकांची एक खोड असते. गोष्ट ऐन रंगात आली की हे थांबतात आणि चार पानं धुकं सांगतात. नाहीतर रस्त्याकडेचं कुंपण. नाहीतर माणसानं कसं वागावं यावर प्रवचन. मी सांगायचे, “आक्का, पुढं चार पानं नुसतं धुकं आहे.”

“सोड. पोराचं काय झालं ते बघ.”

मलाही तेच पाहिजे असायचं. मी पानाचा कोपरा दुमडून पुढं जायचे. म्हटलं, कधी सवडीनं वाचू.

एक दिवस ती हसत म्हणाली, “पोथी लावलीया आपन. पुरी झाल्याबिगर मी काय जात न्हाई बग.”

मीही हसले. पण ते माझ्या मनात घर करून बसलं. तिचं खाणं सुटलं होतं, हातापायांच्या काड्या झाल्या होत्या आणि पुस्तक निम्म्यावर आलं होतं. मी सरकारी पेन्शन खाणारी, शिकलेली बाई, पण मला ते खरं वाटायला लागलं. पुस्तक संपलं नाही तर आक्का जाणार नाही. मग मी रेंगाळायला लागले. आज डोळे चुरचुरतात, आज चष्मा सापडत नाही, आज एकच पान बास. बिचारा बोटवाला कुठल्याशा बंदरात तापानं पडला होता, त्याला मी तिथंच पडू दिला.

आणि आक्काचं दुखणं वाढलं. अंगावर चिकटवायची औषधाची पट्टी होती, थेंब होते, तालुक्याहून नर्स येऊन इंजेक्शन देऊन जायची. त्यानं तासभर बरं वाटायचं. नंतर ती पदराचा बोळा तोंडात धरायची, म्हणजे ओरडणं वावरापर्यंत जाऊ नये. हिरवी उलटी व्हायची. पाठीला जखम झाली, तिचा वास पडवीत बसून राहिला. उदबत्तीनं जाईना, फिनेलनं जाईना. कूस बदलताना ती मला घट्ट धरायची आणि ज्या शिव्या मी तिच्या तोंडून आयुष्यात ऐकल्या नव्हत्या त्या द्यायची.

तेव्हा मला त्या सगळ्या कादंबऱ्यांचा असा संताप आला! पुस्तकातली माणसं मरताना उलटी करत नाहीत. त्यांच्या पाठीला जखमा होत नाहीत. ती गोरी होतात, सुंदर होतात आणि जातात. अरे, त्यांचं धुतलं कुणी? चादरी कुणी बदलल्या? एवढी चार चार पानं धुक्यावर घालवली, एक ओळ त्या धुणारीवर लिहायला काय झालं होतं? आणि मी चहा पीत त्यावर रडले होते. माझीच मला शिसारी आली.

एका सकाळी भाचा आणि सून वावरात गेल्यावर आक्का म्हणाली, “तू हळू वाचती. मला काय कळत न्हाई व्हय?”

मी तिची चादर सारखी करायला लागले.

“पुरी कर गं. मला जाऊ दे.”

“नाही करणार,” मी ओरडलेच. “जायची एवढी घाई झालीय का तुला? माझं कोण आहे मागं?”

तिनं चादरीखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि जोडले. थोरली बहीण माझी, आणि मला हात जोडते! मी ते हात धरून खाली केले आणि पुस्तक उघडलं.

दोन दिवस सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वाचलं. घसा बसला. काळ्या कोटाचं बिंग फुटलं. बोटवाला दाढी वाढलेला, लंगडत खानावळीच्या दारात येतो. आई त्याला गिऱ्हाईक समजून बस म्हणते आणि मग आवाजावरून ओळखते.

“आला का?” आक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी कानात चाललं होतं. “जेवली का दोगं?”

“तसं लिहिलेलं नाही.”

“जेवली असत्याल.”

समाप्ती रीतसर झाली. सुनेनं पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं, भाच्यानं नारळ फोडला, खोबरं-साखर आक्काच्या जिभेला लावली. मग तिनं एकेकाला जवळ बोलावलं. मुलाच्या तोंडावरून हात फिरवला. सुनेला म्हणाली, लई केलंस. माझा हात धरला आणि डोळे मिटले. पडवीत तिरपं ऊन आलं होतं. मी म्हटलं, हे आलं, अगदी पुस्तकातल्यासारखं आलं, आणि श्वास रोखून बसले.

काही झालं नाही. अंधार पडायच्या आत तिनं पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर डोळे उघडून छताकडे बघितलं आणि म्हणाली, “अजून हितंच हाय व्हय मी?” त्या आवाजात जी निराशा होती तशी मी कुणाच्या आवाजात ऐकलेली नाही. मग पुन्हा तोच पदराचा बोळा, त्याच उलट्या. आणि आता सांगायला गोष्टही उरली नव्हती. येणाऱ्या जाणाऱ्या बाया दारात उभ्या राहून म्हणायच्या, जीव कशात तरी अडकलाय म्हातारीचा. मला त्यांना हाकलून द्यावंसं वाटायचं.

आक्कानंच शोधून काढलं. “ती सोडल्याली पानं,” ती म्हणाली. “धुक्याची. मीच म्हनले सोड. तितं आडलंय माजं.”

“आक्का, अगं ती कादंबरी आहे. त्यात देव नाही, धर्म नाही.”

“आपन लावली ना? मंग पोथीच.”

मी वाद घातला नाही. पुस्तक काढलं आणि पहिला दुमडलेला कोपरा उघडला. धुकं वाचलं. ते किनाऱ्यावरून कसं चढतं, खानावळीच्या छपरावर कसं बसतं, कुत्रं भुंकतं ते कसं जवळ वाटतं आणि दिसत मात्र नाही. वाक्यं एवढी लांब की मराठीत आणताना माझा दम जायचा. आक्का डोळे मिटून ऐकत होती. मधेच पुटपुटली, “धुकं वाईट. कांद्यावर करपा पडतो.” कुंपण वाचलं, मी त्याला बोराटीचं कुंपण करून टाकलं. चर्चची घंटा वाचली. प्रवचनं वाचली, त्यातलं मला निम्मं कळलं नाही. पहिल्यांदा मी ही पानं तिच्यासाठी सोडली होती आणि आता तिच्याचसाठी शब्द न् शब्द वाचत होते. मात्र आता एक फरक होता. मलाही ती लवकर संपायला हवी होती. बहीण लवकर मरावी म्हणून मी भराभर वाचत होते. हे लिहायला हात धजत नाही, पण होतं ते असं होतं.

मग तिचं बोलणं बंद झालं. घशात घरघर लागली. तरी मी वाचतच होते.

त्या दिवशी सकाळी खानावळीपासून समुद्रापर्यंतच्या रस्त्याचं वर्णन चालू होतं. रस्ता उतरतो, वळतो, एका पडक्या गिरणीवरून जातो. आक्काचा एक श्वास आला, मग बराच वेळ नाही, मग एक आला. मी पुढचं वाक्य वाचलं. त्याच्या पुढचं वाचलं. नाकाशी हात धरला. पाय कधीचेच गार झाले होते.

वावर हाकेच्या अंतरावर होतं. कांदे काढणाऱ्या बायांचं बोलणं ऐकू येत होतं. पण अध्यायाचं दीड पान राहिलं होतं. मी उठले नाही. तिच्या कपाळावर हात ठेवला आणि ते दीड पान मोठ्यानं वाचलं. अडलेले शब्द मोबाईलवर बघितले नाहीत, होते तसे इंग्रजीतच म्हटले. रस्ता वाळूत जाऊन संपला. मग मी ओट्यावर आले आणि भाच्याला हाक मारली.

माणसं जमली. अंघोळीचं पाणी तापत होतं तेव्हा सून माझ्याजवळ आली. रडून तिचे डोळे सुजले होते. खाटेवरचं पुस्तक उचलून माझ्या हातात देत ती हळूच म्हणाली, “मावशी, पुरी झाली ना पोथी? न्हाईतर जीव घुटमळायचा त्यांचा हितं.”

“झाली,” मी म्हणाले आणि पुस्तक पदराखाली घेतलं.

झाली नव्हती. शेवटाकडचे काही कोपरे दुमडलेलेच होते.

तेरावं करून केडगावला आले. पुस्तक उशाशी आहे. बाकीच्या कादंबऱ्या कपाटात आहेत, त्यांना मी हात लावत नाही. पण हे रोज काढते, दुमडलेल्या कोपऱ्यांवरून बोट फिरवते आणि परत ठेवते. धुक्याचं एक पान राहिलंय, एक वादळाचं, एक लांबलचक प्रवचन. अर्ध्या दिवसाचं काम आहे. पण ती पानं वाचली की आक्का जाईल. म्हणून मी वाचत नाही. रागावेल ती, माझी पोथी अर्धी ठेवलीस म्हणेल. रागावू दे.